आईचे बोट, मावशीचे नाव

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

“कोनाच्या नावाचा?” — आईने एवढेच विचारले आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी मोठ्या उत्साहाने सांगत होते. परवापासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावे लागणार. ज्यांना आजवर मिळालेले नाही, त्यांना तीन महिन्यांच्या आत. आई अठरा वर्षे एकाच कारखान्यात कंत्राटावर आहे, आणि एवढ्या काळात तिला नाव लिहिलेली साधी चिठ्ठीही कोणी दिलेली नाही. म्हणून मी वर्तमानपत्र तिच्यासमोर धरले. म्हटले, आई, तुला आता तुझ्या नावाचे पत्र मिळणार!

आणि तिचा तो प्रश्न.

कारखान्यात आईचे नाव सुलू नाही. तिथे ती हिरा आहे. हिरा हे माझ्या मावशीचे नाव, आईच्या थोरल्या बहिणीचे.

मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. सहा वर्षांची असताना शेजारणीबरोबर आईचा विसरलेला डबा घेऊन गेटवर गेले होते. “सुलू तामोरे,” मी सांगितले. पहारेकरी म्हणाला, “इस नाम की कोई औरत नहीं है यहाँ।” मी रडू लागले. मला वाटले, आई हरवली. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, माझे नाक पुसले आणि म्हणाली, “इथं मी हिरा. ध्यानात ठेव.” मी ध्यानात ठेवले. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी मी, सगळे ध्यानात ठेवते. पण का, असे कधी विचारले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ते कलम वहीत उतरवून काढले. तीन महिने, म्हणजे २१ फेब्रुवारीपर्यंत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आईची साप्ताहिक सुट्टी. दुपारी तिच्या पायांना तेल लावता लावता सगळे विचारून घेतले.

मी चार वर्षांची होते. बाबा तेव्हाही आजच्यासारखेच वर्षातले आठ महिने वेरावळला बोटीवर असत. आम्ही आमचे गाव एडवण सोडून इथे बोईसरजवळ सरावलीत खोली घेतली होती. हिरा मावशी आमच्याकडे राहून कापडाच्या कारखान्यात जात होती. पाच महिन्यांनी तिने काम सोडले आणि गावी गेली, तिला कापसाची धूळ मानवेना म्हणून. जाताना तिचा गेटपास आईला दिला. पासावर फोटो नव्हता. आई दुसऱ्या दिवशी त्याच पासावर आत गेली आणि कापड तपासणीच्या टेबलापाशी उभी राहिली. कृष्णकांत मुकादमाने ओळखले, ही ती नव्हे. तो कंत्राटदाराची माणसे सांभाळतो.

“मग काय म्हणाला?”

“म्हनला, नाव बदलायचा तर वही परत लिवायला लागेल. तुमी बहिनी-बहिनी, चालतंय. नाव काय जेवायला मागतं?”

पुढे आधार कार्डाची प्रत मागितली, तेव्हा आईने मावशीच्या कार्डाची दिली. पुढे हजेरीचे यंत्र आले. यंत्रात बोट आईचे, नाव मावशीचे. इथे असे पुष्कळांचे आहे, आई म्हणाली. कोणी भावाच्या पासावर, कोणी नणंदेच्या. त्यात कोणाला लबाडी वाटत नाही. घरात एक छत्री असावी आणि जो बाहेर जाईल त्याने ती न्यावी, तसे.

आईचे पाय टाचेपासून घोट्यापर्यंत कडक झाले आहेत. तपासणीच्या टेबलाला खुर्ची नसते. काचेखाली दिवा, काचेवरून सरकणारे कापड, आणि आई. कुठे धागा तुटला, कुठे डाग, तिथे खडूची खूण. माझी सगळी पुस्तके त्या काचेवरून सरकत माझ्यापर्यंत आली.

११ डिसेंबर, गुरुवार

कारखान्यात सूचना लागली. सर्वांनी मूळ आधार कार्ड घेऊन यावे, नियुक्तीपत्रे तयार होत आहेत. मूळ! आई सूचना वाचून आली आणि तिच्या ताटातला भात तसाच गार झाला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आई कृष्णकांत मुकादमाच्या घरी जाऊन आली. तो म्हणाला, दोनच मार्ग. हिराच्या नावाचे पत्र घ्यायचे, त्यावर २००७ सालची तारीख पडेल, मूळ कार्ड बहिणीकडून आणून दाखवायचे. नाहीतर सुलूच्या नावाचे पत्र, पण तारीख येत्या महिन्याची. नवी कामगार.

“नाव पायजे तर वरसं सोड. वरसं पायजेत तर नाव सोड. आनि जास्त बोलू नको, खोट्या नावावर काम केला म्हनून उलटा तुझ्यावरच येईल.”

आई मला म्हणाली, “वरसं घेते. नावाचा काय एवढा. अठरा वरसा सवय हाय.”

मी तिला समजावले. काम सुटताना जे मिळायचे ते हिरा नावाच्या बाईला मिळेल. चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होणार आहे. तिचा अहवालही हिराच्या नावाने येईल. उद्या काही निघाले तर डॉक्टर कोणाला बोलावणार?

“म्हंजे माझी शुगर हिरीला,” आई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. दोनच ताटे होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. महाविद्यालयात एम.ए.चे दुसरे वर्ष चालू आहे, पण आजवर वर्गात एकदाही हात वर केलेला नाही. उत्तर माहीत असते, हात मांडीवरच राहतो. तरी आज बेटेगावला एकटी गेले. तिथे भगवंत काका राहतात, चाळीस वर्षे कामगार संघटनेचे काम केलेले. दारात उभी राहून तीनदा मनात वाक्य जुळवले. त्यांनीच आतून विचारले, “देवीची वर्गणी का?”

सगळे ऐकून घेतले. नव्या कायद्यांवर ते खूश नाहीत. लहान कारखान्यांतून माणसे काढणे सोपे झाले, संप करणे अवघड झाले, असे त्यांचे म्हणणे. मी हळूच म्हटले, पण पत्र तर मिळणार. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “ते खरं. पत्रासाठी आम्ही किती ओरडलो. मिळतंय ते घट्ट धरायचं, नाय मिळालं त्याच्यासाठी भांडायचं. दोन्ही एका वेळी करता यायला पायजे, पोरी.”

आणि मग: “काम मानूस करतो, नाव नाय करत. ज्या हातांनी काम केला, वरसं त्या हातांची. हे त्यांना सिद्ध करून दाखवायचा. अर्ज तू लिही.”

“मी?”

“मग कोन? माझा अक्षर बघितलंस का?”

त्यांनी तीन गोष्टी आणायला सांगितल्या: सोबत काम करणाऱ्यांच्या सह्या, यंत्राची नोंद, आणि मावशीचे शपथपत्र, की ही वर्षे तिने केलेली नाहीत.

परतताना पाय हलके होते. या माणसाने मला चहा दिला, वेळ दिला, आणि माझ्याकडून काहीही मागितले नाही.

२१ डिसेंबर, रविवार

अर्जाचे चार खर्डे झाले. चौथा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “एवढा चांगला लिवलास, की ही बाई कोन ती बघायला मीच जाईन.”

२६ डिसेंबर, शुक्रवार

टेबलावरच्या सहा जणींनी सह्या केल्या. पहिली प्रियंका. ती बिहारहून आली तेव्हा आईनेच तिला काम शिकवले. सही करताना आईला म्हणाली, “तो आप हिरादीदी हैं ही नहीं? नौ साल से झूठी दीदी को पूछ-पूछ के काम कर रही हूँ!” किंजलबेनने विचारले, आता हाक काय मारायची? बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी ठरले, पत्र येईपर्यंत हिराच. उगाच सवय मोडायला नको.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

एडवणला जाऊन आलो. मला भीती होती. शपथपत्र देणे म्हणजे आपला पास दुसरीला दिला हे कबूल करणे. मावशीने का म्हणून अडकावे? शिवाय दोघी बहिणींत मायेचे बोलणे मी फारसे ऐकलेले नाही. मावशी दिवाळीला सुके बोंबील पाठवते, आई साडी पाठवते; फोनवर एकमेकींना टोचून बोलतात.

मावशी समुद्राजवळ बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. हात इतके चटकन चालत होते की जबडा कधी अडकतो ते दिसेना. मिठाने बोटांची टोके पांढरी पडली होती.

आईने कसेबसे सांगितले. मावशीने मान वर केली नाही.

“अठरा वरसा माझा नाव घालून फिरलीस. आता धुवून परत देतेस काय?”

“इस्त्री करून देते,” आई म्हणाली.

“दे तर. फाडला तर नाय ना कुठं?”

आई म्हणाली, “नाय गो. तुझ्या नावाला कोन एक शब्द बोलला नाय तिथं.” एवढे बोलून आईने पदर तोंडाला लावला. मावशीने ओल्या हाताने तिला बाजूला सारले. “हो तिकडं. बोंबील मोडशील.”

मी शपथपत्राचा मजकूर वाचून दाखवला. एका वाक्यावर तिने मला थांबवले. मी लिहिले होते, ‘कापसाची धूळ न मानवल्याने मी काम सोडले.’

“ता धुळीचा काढ.”

“पण मावशी, कारण द्यावे लागेल.”

“सोडला, एवढाच लिव. सरकारी कागदावर खोटा नको.”

मला ते नीट कळले नाही. वाक्य खोडले. येत्या आठवड्यात पालघरला नोटरीकडे येते म्हणाली. निघताना आईच्या पिशवीत बोंबलांची जुडी टाकली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना अजून वास आहे. आज धुणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

शपथपत्र झाले. नोटरीने विचारले, सही की अंगठा? मावशीने सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षरावर थांबून. नंतर कागद हातात धरून बराच वेळ बघत होती. “किती दिवसांनी लिवला,” म्हणाली.

अर्ज आईने कारखान्याच्या कार्यालयात दिला. पोच घेतली. तारखेसह.

२२ जानेवारी, गुरुवार

उत्तर नाही. काही जणींना पत्रे मिळाली. प्रियंकाने तिचे पत्र आईला धरायला दिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

अकरा वाजता कार्यालयात बोलावले होते. कर्मचारी विभागाचे निमेश सर, कंत्राटदाराच्या बाजूने कृष्णकांत मुकादम, भगवंत काका, आई, मावशी, मी. दारात टेबलावरच्या सहा जणी, आळीपाळीने डोकावणाऱ्या. निमेश सर तरुण आहेत, आवाज न चढवणारे. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारले, “हा कोणी लिहिला?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. सर माझ्याकडे वळले.

“मग तुम्हीच सांगा. नोंदीत अठरा वर्षे हिरा आहे. मी ती सुलूच्या नावे कशी करू?”

मी कागद उघडला आणि वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच, नुसता वारा येत होता. मावशीने मागून माझ्या पाठीत बोट खुपसले, लहानपणी उचकी लागली की खुपसायची तसे. मी कागद मिटला आणि न बघता म्हणाले, “सर, ही वर्षे मावशीने केलेली नाहीत, आणि ती तिला नकोत. ज्या हातांनी केली ते हात या खोलीत आहेत. आपल्या यंत्राला ते माहीत आहेत. त्याला विचारावे.”

एवढेच बोलले. पण बोलले.

हजेरीचे यंत्र दारातच भिंतीवर आहे. आधी मावशीने बोट ठेवले. लाल दिवा. पुन्हा लाल. मिठाने झिजलेले बोट, आणि तसेही यंत्राला अनोळखी. मग आई पुढे झाली. बोट ठेवले — लाल.

आईने बोट पुन्हा टेकवले. दुसऱ्यांदा — लाल. कापडावरून हात फिरवून फिरवून आईच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. हे मला ठाऊक होते, आणि मी ते विसरले होते. निमेश सरांनी घड्याळ पाहिले. दारातून प्रियंका म्हणाली, “दीदी, तेल!” आई भानावर आली. सगळ्या जणी रोज सकाळी करतात तेच तिने केले. बोट केसांच्या भांगात दोनदा घासले, साडीला टिपले आणि ठेवले.

हिरवा दिवा. पडद्यावर अक्षरे उमटली: हिरा.

 निमेश सर कृष्णकांत मुकादमाकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

आता हा काय बोलणार? याच माणसाने आईला भीती घातली होती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, “साहेब, पहिल्या दिवसापासून. नाव बदलायला वही परत लिवायला लागली असती. आळस माझा. बाई खरी हाय. एक दिवस उशिरा आली नाय.”

भगवंत काका खिडकीबाहेर बघत होते. नंतर गेटवर म्हणाले, “मी काय बोललोच नाय. बरं झालं. बोललो असतो तर भांडण झालं असतं.”

सर म्हणाले, वर विचारून कळवतो. मी त्यांचे आभार मानले. मुकादमाचेही मानले. तो म्हणाला, “असू दे, असू दे,” आणि घाईने निघून गेला.

मावशीला एसटीत बसवले. खिडकीतून म्हणाली, “आवाज बरा हाय तुझा. वापरत जा.”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वर्गाला सुट्टी नव्हती. तिसऱ्या तासाला हात वर केला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पत्र आले.

‘सौ. सुलोचना पंढरी तामोरे. पद: कापड तपासनीस. सेवेत रुजू झाल्याचा दिनांक: ३ डिसेंबर २००७.’ खाली शिक्का, सही.

आईने हात धुतले, पुसले, मग पत्र घेतले. पद वाचून म्हणाली, “तपासनीस? मला वाटलं मी हेल्पर.” बाबांना वेरावळला फोन लावला आणि पूर्ण पत्र वाचून दाखवले, शिक्क्यावरची अक्षरेसुद्धा. बाबा म्हणाले, परत वाच.

हा कायदा पुरेसा नाही, हे भगवंत काकांनी मला शिकवले आहे आणि मी ते विसरणार नाही. तरी आज ज्या कोणी, कुठल्या तरी खोलीत बसून, ‘प्रत्येक कामगाराला’ हे दोन शब्द लिहिले, त्यांची मी ऋणी आहे. प्रियंकाची. काकांची. मुकादमाच्या त्या एका वाक्याची. मावशीची तर आहेच. तिने मागितल्याबरोबर सही दिली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मावशीचा फोन. आई पाणी भरायला गेली होती, म्हणून मी घेतला. पत्राचे ऐकून बरे वाटले म्हणाली. मागे समुद्राचा आवाज येत होता.

“मेघू, एक विचारू? हसू नको. माझा नाव आता मोकळा झाला का?”

मला कळेना. तिने सांगितले. धूळ कधी नव्हतीच. तेव्हा नव्या बाया घेत नव्हते, आईला काम हवे होते आणि मला शाळेत घालायचे होते, म्हणून तिने पास दिला. पुढे तिच्या घरची होडी मोडली तेव्हा ती याच कारखान्यात काम मागायला दोनदा बोईसरला येऊन गेली. आमच्याकडे न येता. दोन्ही वेळा तिने नाव सांगताच गेटवर वही बघून तिला परत पाठवले, हिरा तर आत कामावर आहे.

“मी काय बोलनार? खरंच होती ना आत.”

बोंबील वाळवून आता तिची कंबर धरते. टेबलापाशी उभे राहायचे काम तिला पाच महिने येत होते. अजून येईल, म्हणाली.

मी म्हटले, “हो मावशी. मोकळे झाले.” मग कामाच्या अर्जासाठी नवा कागद घेतला आणि वर तिचे नाव लिहिले.